जमदग्नीच्या फिल्टरचा पुनर्विकास

नलिनी पोतनीस यांच्या माशाच्या टाकीतल्या जिवाणूंनी दिवाळीनंतरच्या सोमवारी काम बंद केलं आणि आपल्या वसाहतीचा पुनर्विकास मागितला.

मागणी लेखी होती. टाकीच्या काचेवर, आतल्या बाजूनं, तपकिरी शेवाळाच्या बारीक अक्षरांत. आतून लिहिल्यामुळे ती बाहेरून उलटी दिसत होती, म्हणून नलिनीताईंनी हातआरसा आणला आणि उभ्याउभ्याच वाचली. 'विषय : फिल्टरमधील सिरॅमिक रिंगांच्या वसाहतीचा पुनर्विकास करणेबाबत. संदर्भ : दिवाळीच्या साफसफाईत झालेला संहार.' टाकी, फिल्टर आणि वीज तिन्ही त्यांच्या मालकीची असल्यामुळे पत्रात त्यांना 'विकासक' म्हटलं होतं. जिल्हा परिषदेत तेहेतीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळलेल्या बाईंना त्या मसुद्यात एकही चूक सापडली नाही. याचा त्यांना आणखी राग आला.

राग त्यांना नवा नव्हता. डोंबिवलीतली त्यांची मंदारमाला ही तीन मजली इमारत सात वर्षांपूर्वी पुनर्विकासासाठी पाडली होती. अकरा कुटुंबं होती. छत्तीस महिन्यांत नवं घर देतो, असं बिल्डरनं पेढे वाटून सांगितलं होतं. आज तिथं खड्डा होता, खड्ड्यात हिरवं पाणी होतं आणि कडेला 'आपल्या स्वप्नांचं घर' असा गंजलेला फलक होता. अकरा कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत विखुरली होती. नलिनीताईंचं हे चौथं भाड्याचं घर. सामान प्रत्येक वेळी थोडं थोडं विकलं गेलं, मोडलं, राहिलं. जुन्या घरातली एकच गोष्ट अजून जिवंत होती आणि ती म्हणजे जमदग्नी.

जमदग्नी हा समुद्राच्या पाण्यातला निळा डॅमसेल मासा. बोटाएवढा, नऊ वर्षांचा आणि कमालीचा खुनशी. काचेशी कुणी बोट नेलं तर बोटावर धावून यायचा, दुसरा मासा टाकीत सोडला तर आठवड्यात त्याला घालवायचा. चारही वेळा घर बदलताना ताई त्याला झाकणाच्या बादलीत घालून, बादली मांडीवर घेऊन रिक्षातून गेल्या होत्या. त्यांचं आणि त्याचं छान जमायचं.

आता संहाराबद्दल. राग आला की नलिनीताई काहीतरी घासायच्या. दिवाळीच्या आधी बिल्डरचा शुभेच्छांचा मेसेज आला. खाली नेहमीचं वाक्य होतं, 'काम प्रगतिपथावर आहे, थोडा धीर धरा.' ताईंनी तवा घासला, कढया घासल्या, पंख्याची पाती घासली, तरी डोकं शांत होईना. मग त्यांनी टाकीचा फिल्टर उघडला. आतल्या पांढऱ्या रिंगांवर तपकिरी बुळबुळीत थर चढला होता. त्यांनी रिंगा नळाखाली धरून भांड्यांच्या पावडरीनं चोळल्या आणि गच्चीवर जुन्या साडीवर, कुरडया घालाव्यात तशा वाळत घातल्या. निम्म्या झाल्यावर पावडर संपली, म्हणून बाकीच्या राहिल्या. संध्याकाळी लख्ख रिंगा परत आत गेल्या आणि त्या रात्री ताईंना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

पत्र वाचून झाल्यावर त्यांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि स्टेशनजवळच्या जनार्दन भोईर यांच्या दुकानात नेलं. भोईरांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं.

"ताई, काय केलंत?"

"साफसफाई केली. दिवाळीची."

"रिंगा कशात धुतल्या?"

ताईंनी सांगितलं. पावडरीचं सांगितलं, गच्चीचं सांगितलं, साडीचंही सांगितलं. भोईर स्टुलावर बसले.

"ती घाण नव्हती हो. ती वस्ती होती. मासा जे टाकतो त्याचं पाण्यात विष होतं, अमोनिया. ते खाऊन संपवणारे जिवाणू त्या रिंगांच्या भोकाभोकांत राहतात. फिल्टर काही करत नाही, ताई. फिल्टर म्हणजे नुसती चाळ. कामं करतात ती आतली माणसं."

"निम्मे जिवंत आहेत." ताईंनी पत्राची नक्कल पुढं केली.

"ते तर संपावर गेलेत म्हणता." त्यांनी पत्राची नक्कल वाचली आणि घाईघाईनं परत दिली. "यात मला ओढू नका. माझ्या चाळीस टाक्या आहेत. इथं कुणी ऐकलं तर माझं दुकान बसलं."

"जमदग्नीचं काय?"

"डॅमसेल चिवट असतो. रोज अर्धं पाणी बदला, मीठ नीट मोजून घाला. आठ-दहा दिवस काढेल. त्यापुढं मी शब्द देत नाही."

आठ-दहा दिवस. नलिनीताई बाटली पर्समध्ये घालून निघाल्या. सगळा रस्ता त्या मनातल्या मनात जिवाणूंना शिव्या घालत होत्या, आणि मधूनमधून त्या शिव्या स्वतःला बसत होत्या.

पहिली बैठक बुधवारी सकाळी अकरा वाजता टाकीसमोर झाली. जिवाणूंचे सचिव हवेच्या पंपाच्या नळीतून बोलत. आवाज बारीक पण खणखणीत होता.

"प्रथम मृत सभासदांना दोन मिनिटं श्रद्धांजली," सचिव म्हणाले.

ताई उभ्या राहिल्या. दोन मिनिटं झाल्यावर बसल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "रागाच्या भरात झाली. पण त्यात माशाचा काय दोष? तो बघा, वर येऊन श्वास घेतोय. आधी कामाला लागा, मग काय ते बोलू."

"असं आधी काम आणि मग बोलणं आम्ही पूर्वी केलेलं आहे, विकासक महोदया. त्यानंतर आम्हाला पावडर लावण्यात आली."

सात वर्षांत बिल्डरसमोर ताई असं एकदाही बोलू शकल्या नव्हत्या. टाकीतल्या या टीचभर जमावाला ते पहिल्याच बैठकीत जमलं होतं आणि ते त्यांच्या मनाला झोंबलं.

गुरुवारी ताई भोईरांकडून नमुने घेऊन आल्या. पाहणीसाठी सचिवांनी समिती नेमली होती. ताईंनी एकेक नमुना जाळीच्या पिशवीतून टाकीत सोडला.

प्लास्टिकचे काटेरी चेंडू समितीनं दहा मिनिटांत नाकारले. "सगळी गॅलरी आहे, खोली एकही नाही," असा शेरा मिळाला. कोळशाच्या दाण्यांबद्दल चौकशी केली तेव्हा महिन्याभरात ते भरून जातात आणि फेकावे लागतात, हे ताईंना कबूल करावं लागलं. त्यावर "अकरा महिन्यांच्या करारावरसुद्धा आम्ही राहणार नाही, महिन्याचं काय सांगता," असं उत्तर आलं. समुद्रातला जिवंत खडक सगळ्यांना आवडला, पण आत आधीचे भाडेकरू निघाले आणि त्यांनी दार उघडलं नाही. शेवटी सच्छिद्र काचेचे पांढरे ठोकळे उरले. ते समिती दिवसभर पाहत राहिली.

"चटई क्षेत्र उत्तम," सचिव संध्याकाळी म्हणाले. "बाहेरच्या खोल्यांत हवा खेळती आहे. आतल्या खोल्यांत हवा अजिबात येत नाही."

"मग?"

"आमच्यात काही जणांना हवा सोसत नाही. त्यांची आजवर फार आबाळ झाली. ठोकळे मंजूर."

ताईंनी त्याच बैठकीत स्किमरचा विषय काढला. स्किमर म्हणजे फेस करून पाण्यातली घाण वरच्यावर काढून टाकणारं यंत्र. समुद्राच्या टाकीला तो हवाच, असं भोईर पहिल्यापासून सांगत होते. नळीत एकदम गलका झाला.

"घाण वरच्यावर काढली तर आम्ही काय खायचं? हा आमच्या पोटावर पाय आहे!"

"आणि तुम्ही संपावर गेलात की माझ्या माशानं काय करायचं? तुमच्या भरवशावर त्याचा जीव टांगून ठेवू?" ताईंचा आवाज चढला. "स्किमर लागणार. लहानातला लहान आणीन, दिवसातून चार तास चालवीन, पण लागणार. हे कलम मी बदलणार नाही."

बऱ्याच वेळानं स्किमर लहान अक्षरांत मान्य झाला.

शुक्रवारी सचिव दोन होते. जिवाणू दिवसाकाठी दुभंगून एकाचे दोन होतात, त्यामुळे कालचे सचिव आज दोघं झाले होते आणि दोघांकडेही रीतसर अधिकार होते. शनिवारी चार झाले. रविवारी आठही सचिवांनी एका सुरात सांगितलं की कराराला एकावन्न टक्के सभासदांची संमती लागेल. मतमोजणी सुरू झाली. अर्धी मोजणी होईपर्यंत सभासद दुप्पट झाले आणि झालेली मोजणी बाद ठरली. पुन्हा मोजायला घेतली. पुन्हा तेच.

संप होता तरी संसार थांबले नव्हते. सगळे शिल्लक साठ्यावर जगत होते आणि अमोनियाला तोंड लावत नव्हते. जमदग्नी मात्र आता काचेवर धावून येत नव्हता. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून, कल्ले ताणून एका जागी तरंगत होता. ताई सकाळ-संध्याकाळ बादल्या उपसत होत्या. मिठानं त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. आठवा दिवस उजाडला.

"माणसागणिक मत कसलं मोजता?" त्या ओरडल्या. "सोसायटीत एका घराला एक मत असतं! घरात आठ माणसं असली तरी एकच! एका रिंगेला एक मत द्या आणि संपवा!"

हे उपविधीत बसत होतं. वाचलेल्या रिंगा एकशे बेचाळीस होत्या. दुपारी दोनपर्यंत एकशे एकोणचाळीस रिंगांनी संमती दिली.

आता फक्त स्थलांतराचं कलम राहिलं होतं. ताईंनी मसुदा वाचून दाखवला. "जुन्या रिंगा काढून त्या जागी ठोकळे बसवण्यात येतील. ठोकळे राहण्याजोगे होईपर्यंत सभासदांची सोय बादलीत करण्यात येईल. बादलीत स्पंज असेल, हवेची नळी असेल."

नळीतले बुडबुडे थांबले.

"संक्रमण शिबिर," एक सचिव म्हणाले.

"तात्पुरतं. सहा आठवडे, फार तर दोन महिने."

"आणि त्यानंतरही ठोकळे तयार झाले नाहीत तर?"

"होतील हो. काम होणारच आहे, तुम्ही थोडा धीर धरा..."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि नलिनीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा त्यांचा आवाज नव्हता. हा आवाज त्यांनी सात वर्षं फोनवर ऐकला होता, बंद काचेच्या केबिनबाहेर ताटकळत ऐकला होता. तो आपल्या घशात कधी येऊन बसला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी कराराचा कागद फाडला. बादलीला लाथ घातली, बादली गडगडत स्वयंपाकघरापर्यंत गेली.

"जाऊ नका!" त्या टाकीवर ओरडल्या. "बादलीत जाऊ नका! मी सांगते म्हणूनसुद्धा जाऊ नका! पेढे देतील, शाल देतील, नका जाऊ! एकदा घर सोडलंत की तुम्हाला कुणी विचारत नाही. मी राहतेय ना बादलीत! सात वर्षं राहतेय!"

आठ सचिव... आता सोळा होते... नळीच्या तोंडाशी गोळा झाले.

"सात वर्षं म्हणजे किती पिढ्या?" एकानं विचारलं.

"तुमच्या हिशेबानं अडीच हजार."

"अडीच हजार पिढ्या बाहेर," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्हाला घर आठवतं?"

"कॅलेंडरचा खिळा कुठल्या भिंतीला होता तेसुद्धा आठवतं."

"मग तुमच्या मते कसं व्हायला हवं होतं?"

ताई खुर्चीत बसल्या. "आधी नवं बांधायचं. जुन्याच्या शेजारी. तोवर जुन्याच्या एका विटेलाही हात लावायचा नाही. नवं राहण्याजोगं झालं की लोकांनी आपल्या पायांनी, आपल्या सवडीनं जायचं. शेवटचा माणूस तिकडं झोपला, की मग जुनं हलवायचं. मी हे आमच्या सभेत म्हटलं होतं. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं."

नव्या मसुद्यात हेच कलम आलं. मोठा डब्याचा फिल्टर, खालच्या कप्प्यात जुन्या रिंगा तशाच, वरच्या कप्प्यांत तीन लिटर काचेचे ठोकळे, दोन्हींतून एकच पाणी. मुदत सहा आठवडे. त्याच दुपारी सह्या झाल्या आणि चार वाजता जिवाणूंनी काम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी भोईरांच्या तपासणीच्या नळीतलं पाणी हिरव्यावरून पोपटी झालं, सातव्या दिवशी पिवळं. आठव्या दिवशी सकाळी ताईंनी काच पुसायला हात लावला तर जमदग्नी खालच्या कोपऱ्यातून सुसाट आला आणि बोटाच्या जागी काचेवर तोंड आपटून गेला. ताई तिथंच जमिनीवर बसून रडल्या.

"ही पद्धत बरोबर आहे," भोईर म्हणाले. "नवीन मीडिया, म्हणजे हे ठोकळे, जुन्याशेजारी ठेवूनच मुरवतात. पुस्तकातच आहे."

"मग माणसांच्या पुस्तकात का नाही?"

"ते पुस्तक मी ठेवत नाही, ताई."

सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सगळ्या सभासदांना ताबा मिळाला. ताईंनी जुन्या रिंगा बाहेर काढल्या. त्यांत कुणीही मागं राहिलं नव्हतं. सचिवांची संख्या आता मोजण्यापलीकडे गेली होती, तरी ताबापत्रावर सगळ्यांच्या सह्या होत्या. सोबत आणखी एक कागद होता.

"हे काय?"

"शिल्लक क्षेत्र. ठोकळ्यांच्या भोकाभोकांचं एकूण क्षेत्र सात हजार चौरस फूट भरलं. सभासदांना मूळ जागेपेक्षा चाळीस टक्के वाढवून सतराशे दिले. उरलेले पाच हजार तीनशे नियमाप्रमाणे विकासकाचे. विका किंवा वापरा. आमची हरकत नाही."

नलिनीताईंनी कागद दोनदा वाचला. या बाजूनं पुनर्विकासाचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. मंदारमालेतलं एकेक घर साडेचारशे फुटांचं होतं. अकरा घरांचे चार हजार नऊशे पन्नास झाले. जिन्याला आणि सोसायटीच्या ऑफिसला साडेतीनशे उरत होते.

त्यांनी मंदारमालेतल्या बाकीच्या घरांना दहा फोन केले.

रविवारी ताईंच्या खोलीत सोडत निघाली. जागा नव्हती, म्हणून लोक दारापर्यंत उभे होते. ताईंनी चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घातल्या. कुणी हसलं नाही, कुणी चेष्टा केली नाही. सात वर्षांत बिल्डरचे चार आराखडे पाहून झालेल्या लोकांनी हा पाचवा आराखडा बारकाईनं पाहिला. कानविंदेबाईंनी स्वयंपाकघराचं तोंड विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पेडणेकरांनी पार्किंगचा प्रश्न काढला, तो मागं पडला. शहाऐंशी वर्षांचे आबा खानविलकर भाड्याची पाच घरं बदलून आता मुलीच्या घरच्या बाल्कनीत झोपत होते. ते काठीवर भार देऊन पुढं आले.

"नलिनी, उजेड येतो का गं?"

"नाही येत, आबा. फिल्टर बंद डब्यात असतो."

"आता तरी कुठं येतो. हवा?"

"बाहेरच्या खोलीत आहे. आतल्या खोलीत नाही."

"पाणी?"

"चोवीस तास."

मागं कुजबुज झाली. आबांनी मान वळवून सगळ्यांना गप्प केलं.

"खारं असेल."

"खारं आहे."

आबांनी थोडा विचार केला. "रक्तदाबाचं बघावं लागेल," ते म्हणाले. "ताबा कधी?"

"उद्या सकाळी दहाला."

"लेखी आहे?"

ताईंनी कागद दिला. आबांनी तो डोळ्यांजवळ नेला, तारखेवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहू दिलं. मग ते ओरडले, कुणाला ते कळलं नाही, बहुधा त्या खड्ड्याला. "दीड महिना! बघा रे! दीड महिन्यात झालं! होतं म्हणजे! करायचं असलं तर होतं!"

त्यांना पाणी दिलं आणि खुर्चीत बसवलं.

सोमवारी सकाळी दहा वाजता अकराही कुटुंबं सामानासह टाकीपाशी जमली. नारळ फोडायचा नाही असं ठरलं, कारण पाणी गढूळ झालं असतं. जमदग्नी काचेमागून सगळ्यांवर एकेकदा धावून आला. नलिनीताईंनी फिल्टरचं झाकण उघडलं आणि आबा खानविलकरांना सगळ्यांत आधी आत जाऊ दिलं. त्यांनी जास्त वाट पाहिली होती असं नाही, वाट सगळ्यांनी सारखीच पाहिली होती, पण त्यांना आता उभं राहवत नव्हतं.